परदेशी रोप मागवण्यापूर्वीची तयारी

विश्वामित्रीच्या पात्रातली जलपर्णी रोज पाहणाऱ्या बडोदेकराला, ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांच्या शोभेसाठी हौसेने भारतात आणली गेली होती, हे सांगूनही पटत नाही. म्हणून बागेसाठी बाहेरून रोप किंवा बी मागवायचे ठरल्यास आधी त्याचे शास्त्रीय नाव जातीसह लिहून घ्यावे, कारण रोपवाटिकेतील नावांवर विसंबता येत नाही.

त्यानंतर ती वनस्पती दुसऱ्या कोणत्या देशात तण ठरली आहे का, हे पाहावे. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. गुजरातीत जिला गांडो बावळ म्हणतात ती वेडी बाभूळ कच्छच्या बन्नीत खारटपणा रोखण्यासाठी लावली गेली आणि पुढे तिने गवताळ रानच व्यापले. पाणी लागत नाही, जनावरे पाला खात नाहीत, तोडली तरी फुटते, हे विक्रेत्याच्या तोंडचे गुण आपण धोक्याच्या रकान्यात लिहावेत. मूळ प्रदेशातही कोरडा कडक उन्हाळा आणि चार महिन्यांचा पाऊस असेल, तर ती इथे सहज रुजेल असे धरून चालावे.

परदेशी वनस्पती तण ठरेल का हे जोखण्यासाठी ऑस्ट्रेलियात ४९ प्रश्नांची पद्धत वापरली गेली: उत्तरांच्या गुणांची बेरीज सहाच्या वर गेली की नकार, एकापेक्षा कमी असल्यास परवानगी आणि मधल्यांची अधिक तपासणी. घरगुती निर्णयालाही हे प्रश्न उपयोगी पडतात.

कागदपत्रांत भारताच्या २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्याच आदेशातील वर्ज्य तणांची यादीही चाळावी. मुळांना माती नसावी.

गाजरगवत परदेशी धान्यातून आले असे मानले जाते, त्यामुळे पाकीट फोडल्यावर बी पांढऱ्या ताटलीत पसरून भिंगाने पाहावे आणि निराळ्या आकाराचा एकही दाणा पेरू नये. पहिले वर्षभर रोप कुंडीतच ठेवावे, फुले बी धरण्याआधी खुडावीत, आणि छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठी टाकण्याऐवजी पूर्ण वाळवूनच कचऱ्यात द्याव्यात.