जुन्या स्पोर्ट्स कारसाठी नेमका बसणारा गिअर नॉब कसा शोधावा

जुनी गाडी चालवताना हात सतत दोनच जागी असतात, स्टिअरिंगवर आणि गिअर नॉबवर. स्टिअरिंगची सगळे काळजी घेतात. नॉबला तडा जाईपर्यंत मात्र त्याची कुणाला आठवण होत नाही. मग फोटो बघून, खाली ‘या गाडीला बसतो’ असं लिहिलेलं वाचून घाईघाईत नवा मागवला जातो, आणि दोन फेरे फिरून तो अडतो.

माझ्या एमजीबीसाठी (एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार) पहिला नॉब मी असाच घेतला होता. अक्रोडाच्या लाकडाचा, पॉलिश इतकं सुरेख की हातातून ठेववेना. गाडीच्या दांड्याचे आटे इंची होते आणि नॉबमधले मिलिमीटरचे. थोडा जोर लावला तर बसेल असं वाटलं. आतली पितळी बुश, म्हणजे आटे असलेली नळी, लाकडातून सुटून नुसती गरगरू लागली आणि लाकडाला वरपासून खालपर्यंत चीर गेली. त्यानंतर एक नियम केला: दांड्याचं माप कागदावर उतरल्याशिवाय नॉबचा फोटोसुद्धा बघायचा नाही.

खालची पद्धत एमजीबी समोर ठेवून लिहिली आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात या घराण्याच्या पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही भरपूर मिळतात. पण मोजायची रीत कुठल्याही जुन्या गाडीला तीच.

जुना नॉब काढणं

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. नॉबच्या बुडाशी रबरी किंवा चामडी आवरण असेल तर ते खाली सरकवून बघा, बहुतेक वेळा तिथे एक पातळ लॉकनट असतो. तो सैल केल्याशिवाय नॉबला हात लावू नका. इंची लॉकनटला इंची पानाच लावा. ५/१६ इंच आट्याच्या नटाला साधारण अर्ध्या इंचाचा पाना लागतो, ३/८ ला ९/१६ चा. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या नटाचे कोपरे तोच खातो.

नट सुटला की नॉबभोवती रबराचा तुकडा गुंडाळून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. त्याच वेळी दुसऱ्या हाताने दांडा धरून ठेवा, किंवा चामडं लावून पकडीत धरा. हे महत्त्वाचं आहे. दांड्याच्या बुडाशी नाजूक बुश असतात, वरचा पीळ थेट त्यांच्यावर जातो. हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर थांबा, सकाळी हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा प्रयत्न करा. हातोडीने ठोकू नका. फुटका नॉब वाचवायचा नसेल तर करवतीने उभा कापता येतो, फक्त पातं आट्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही.

सगळे नॉब आट्यांचे नसतात. बीएमडब्ल्यूच्या ई३० सारख्या गाड्यांत नॉब नुसता दाबून बसवलेला असतो आणि सरळ वर ओढून काढावा लागतो. तो अचानक सुटतो, म्हणून ओढताना तोंड बाजूला ठेवा. असा नॉब फिरवत बसलात तर आतल्या खाचा तुटतात.

आटे मोजणं

या पायरीला लागेल तितका वेळ द्या.

तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने दांड्याचे आटे चकचकीत होईपर्यंत साफ करा. मग तीन मापं घ्या: बाहेरचा व्यास, दोन आट्यांमधलं अंतर आणि आटे असलेल्या भागाची लांबी. व्हर्निअर साधा असला तरी चालेल.

फसगत होते ती व्यासाच्या मापात. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांच्या दांड्यांवर बहुधा ५/१६ किंवा ३/८ इंचाचे यूएनएफ, म्हणजे बारीक इंची, आटे दिसतात. आपल्याकडच्या मिस्त्रींच्या भाषेत अडीच सूत आणि तीन सूत, कारण एका इंचाचे आठ सूत. तीन सूत म्हणजे ९.५ मिलिमीटर, तो एम१० पासून, म्हणजे १० मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यापासून, वेगळा ओळखता येतो. पण अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. पन्नास वर्षं झिजलेला दांडा व्हर्निअरवर ७.८ दाखवतो, आणि झिजलेला एम८ सुद्धा तेवढंच दाखवतो. नुसत्या व्यासावरून इथे कुणालाच खात्रीने सांगता येणार नाही.

म्हणून आट्यांमधलं अंतर मोजायचं. व्हर्निअरचं एक टोक पहिल्या आट्याच्या शिखरावर आणि दुसरं अकराव्याच्या शिखरावर ठेवा, म्हणजे मध्ये दहा घरं येतात. माप १२.५ मिलिमीटर आलं तर अंतर १.२५ चं, १५ आलं तर १.५ चं, १० आलं तर १ चं. आणि १०.६ आलं तर तो इंचाला २४ आट्यांचा यूएनएफ, मग व्यास ५/१६ असो की ३/८, दोन्हींना इंचाला २४ च आटे असतात. दहा घरं मावण्याइतके आटे नसतील तर पाच मोजा आणि दुप्पट करा.

हातात पिच गेज (आट्यांमधलं अंतर ओळखायच्या दातेरी पट्ट्या) नसेल तर त्याहून स्वस्त उपाय आहे. हार्डवेअरच्या दुकानातून ५/१६ यूएनएफ, ३/८ यूएनएफ, एम८ आणि एम१० असे नट आणा, एम१० चे १.२५ आणि १.५ असे दोन्ही. बरोबर नट नुसत्या बोटांनी दांड्याच्या शेवटच्या आट्यापर्यंत जातो. चुकीचा दोन-तीन फेऱ्यांत अडतो किंवा डगडगतो. बोटांनी जात नसेल तर तो तुमचा नट नाही, इथे पाना हातात घ्यायचाच नाही. माझ्या हत्यारांच्या पेटीत हे नट आता एका तारेत ओवून ठेवलेले असतात.

जपानी गाड्यांत काम सोपं आहे, कारण तिथे सगळं मेट्रिक. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला एम१० × १.२५ (आधी व्यास, मग आट्यांमधलं अंतर) लागतो, होंडाला सहसा एम१० × १.५, टोयोटा एमआर२ ला एम१२ × १.२५. पण होंडाचा नॉब माझदाच्या दांड्यावर सुरुवातीला सहज चढतो आणि मग आटे खातो, तेव्हा तिथेही अंतर मोजाच.

गाडीचं मॉडेल आणि साल माहीत असताना एवढं मोजायचं कशाला, असा प्रश्न पडू शकतो. या वयाच्या गाडीत गिअरबॉक्स, दांडा, कधी दोन्ही बदललेले असतात. १९६७ च्या शेवटी एमजीबीचा गिअरबॉक्स कारखान्यानेच बदलला, आणि पुढे कित्येक मालकांनी जुन्या गाडीत नवा बसवला. शिवाय ब्रिटिश गाडी म्हणजे इंची आटे हेही दर वेळी खरं नसतं. एमजीच्याच टीसी या १९४५ ते १९४९ मधल्या गाडीच्या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या पान्याची. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेन्ट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक होती आणि आटे तसेच पुढे चालू राहिले. मॉडेलवरून अंदाज बांधावा, खात्री दांड्याकडूनच करून घ्यावी.

आत वायर आहे का

१९७७ च्या मॉडेलपासून एमजीबीचा ओव्हरड्राइव्हचा (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणाऱ्या जोड-गिअरचा) स्विच नॉबमध्येच आला. ट्रायम्फ स्टॅग आणि स्पिटफायर १५०० मध्येही तो ओव्हरड्राइव्ह असलेल्या गाड्यांत नॉबवर मिळतो. वायरी पोकळ दांड्यातून वर येतात. अशा गाडीत नॉब फिरवण्याआधी बॅटरीची अर्थिंगची तार सोडा, वरची टोपी अलगद उचला, वायरी कुठे जोडल्या आहेत त्याचा फोटो काढा आणि त्या सोडवा. नाहीतर पहिल्याच फेऱ्यात त्या पिळून तुटतात.

इथे साधा लाकडी नॉब लावायचा मोह टाळा. तो बसेल, पण ओव्हरड्राइव्ह गेला आणि हमरस्त्यावर इंजिन उगाच जास्त फेऱ्यांवर धावत राहिलं. साधा नॉबच हवा असेल तर स्विच डॅशबोर्डवर नीट बसवून घ्या, मग नॉब शोधा. काही गाड्यांत रिव्हर्ससाठी नॉबखालची कडी उचलावी लागते, तिथे कडीला वर सरकायला जागा उरेल एवढीच नॉबच्या बुडाची उंची चालते.

कुठे शोधायचा

सुरुवात कारखान्याच्या पार्ट्सच्या पुस्तकातून करा. गाडीचा चॅसिस नंबर घेऊन त्या काळचा पार्ट नंबर शोधला की चौकशी सोपी होते. गाडी नेमकी कधी बनली याबद्दल शंका असेल तर वॉरविकशरमधल्या गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट देतं.

त्यानंतर क्लब. एमजी कार क्लब १९३० पासून आहे आणि त्याचं कार्यालय अ‍ॅबिंग्डनमध्येच आहे. एमजी ओनर्स क्लब १९७३ चा. तिथल्या माणसांनी हा नॉब आधी शोधलेला असतो, आणि कुणाच्या तरी गॅरेजमधल्या डब्यात एखादा पडलेलाही असतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना कॅलिफोर्नियात १९४८ मध्ये सुरू झालेली मॉस मोटर्स माहीत असेलच, ते ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे भाग विकतात.

मला सगळ्यात जास्त आवडते ती ऑटोजम्बल, म्हणजे जुन्या गाड्यांच्या भागांचा बाजार. हॅम्पशरमधल्या ब्यूली इथे दर सप्टेंबरला तिचा मोठा मेळा भरतो, १९६७ पासून. पुण्याचा जुना बाजार पाहिलेल्या माणसाला तिथे लगेच आपलंसं वाटतं: जमिनीवर, टेबलांवर, पेट्यांत पसरलेले भाग, आणि काय विकतोय हे नीट माहीत असलेला किंवा अजिबात माहीत नसलेला विक्रेता. तिथे जाताना बरोबर मापाचा एक बोल्ट खिशात ठेवा. नॉब उलटा करून बोल्ट बोटांनी आत फिरवा, तो शेवटपर्यंत गेला तरच भाव विचारा. आतली बुश अंगठ्याने हलवून बघा. जुन्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांना बुडाशी केसासारखे तडे असतात, ते नखाला लागतात.

घरबसल्या मागवताना विक्रेत्याला ‘माझ्या गाडीला बसेल का’ असं विचारू नका, तो ‘हो’ म्हणेल. आट्यांचं माप किती, आटे आत किती खोल आहेत आणि बुश धातूची आहे का, एवढं लेखी विचारा आणि बुडाचा फोटो मागा. उत्तर आलं नाही तर तो नॉब सोडून द्या.

एमएक्स-५ च्या मालकांची एक सोय आहे. १९९० मध्ये जपानात निघालेल्या व्ही-स्पेशल या मॉडेलमध्ये नार्डी या इटालियन कंपनीचं लाकडी स्टिअरिंग आणि तसाच नॉब होता. २०१७ मध्ये माझदाने पहिल्या पिढीच्या गाड्यांच्या दुरुस्तीची योजना जाहीर केली तेव्हा पुन्हा बनवायच्या भागांत तो नॉबही घेतला.

आवडला, पण आटे जुळत नाहीत

नॉबमधलं भोक हव्या मापापेक्षा लहान असेल तर काम सोपं. पितळी बुशीत ५/१६ यूएनएफ असेल आणि ३/८ हवा असेल तर ८.५ मिलिमीटरचं ड्रिल मारून ३/८ चा टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) फिरवायचा, जुने आटे पूर्ण निघून जातात. एम८ चा एम१० × १.२५ करायला ८.८ चं ड्रिल. भोक मोठं असेल तर लेथवर पितळी बुश बनवून घ्यावी लागते, बाहेरून नॉबच्या आट्याची, आतून दांड्याच्या. भोसरीतला कुठलाही चांगला टर्नर ती करून देईल, मात्र यूएनएफचा टॅप आहे का ते आधी विचारा आणि नमुन्याला नट द्या. नॉब बसवण्यासाठी दांड्यावरच नवे आटे पाडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. नॉब पुन्हा मिळेल, मूळ दांडा मिळणं अवघड.

तीन ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूंनी) बाजूने आवळायचे ‘सगळ्या गाड्यांना चालणारे’ नॉब मी वापरत नाही. ते स्क्रू आट्यांवर खड्डे पाडतात आणि पुढचा योग्य नॉबही मग बसत नाही. बिनआट्याच्या गुळगुळीत दांड्यावर ते ठीक आहेत.

कशाचा घ्यावा हे ज्याच्या त्याच्या हातावर आहे. जड धातूच्या नॉबने गिअर सहज सरकतो, पण इंग्लंडच्या जानेवारीत तो बर्फासारखा गार आणि नागपूरच्या मे महिन्यात हात न लावण्याइतका तापतो. मला लाकूड आवडतं. वर गिअरची आकृती असेल तर ती तुमच्या गिअरबॉक्सशी जुळते का ते इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, एकेक गिअर टाकून तपासा.

बसवताना

आट्यांना तेलाचा हलका हात लावा, लॉकनट पूर्ण खाली घ्या आणि नॉब हाताने शेवटपर्यंत फिरवा. आकृती वाकडी आली तर पुढे आवळू नका, अर्धा-पाऊण फेरा मागे या. २४ आट्यांच्या दांड्यावर एक फेरा म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, उंचीत फरक कळत नाही. आकृती सरळ धरून खालून लॉकनट त्यावर आवळा, आणि आवळताना नॉब हाताने धरून ठेवा, म्हणजे बुशीवर पीळ येत नाही. आटे चिकटवणारा पक्का गोंद घालू नका. लॉकनट नसेल तर निळा, पुन्हा सुटणारा गोंद थेंबभर पुरतो, फक्त त्या आट्यांना तेल लावायचं नाही.

नवा नॉब पहिल्या काही दिवसांत थोडा बसतो. आठवडाभर गाडी चालवल्यावर लॉकनट एकदा पुन्हा तपासा.