डोअर क्लोजर: स्क्रूला हात लावण्याआधी दांडा सोडा

आयटीआयला सुतारकाम केलं, दोन वर्षं पिंपरीत एका मिस्त्रीच्या हाताखाली काढली आणि मग एकट्याने पहिलं काम घेतलं ते निगडीतल्या एका दवाखान्याचं. काम फुटकळ होतं. डॉक्टरांच्या केबिनला क्लोजर होता, म्हणजे दार आपोआप लावणारी तेल-स्प्रिंगची पेटी आणि तिचा दांडा, पण दार पूर्ण लागत नव्हतं, बोटभर उघडं राहायचं. मी स्टुलावर चढलो आणि क्लोजरचा वेगाचा स्क्रू अर्धा फेरा सोडला. दार आलं, थांबलं, बोटभर उघडंच. आणखी अर्धा फेरा. आता ते धाडकन येऊन आपटायचं आणि उडी मारून परत उघडायचं. आणखी सोडला. मग स्क्रू हातात आला आणि त्याच्यामागून तेल आलं. माझ्या बाहीवर, दारावर, पांढऱ्या लादीवर. बाकावर बसलेल्या पेशंटपैकी एक आजी म्हणाल्या, "अरे, काय फोडलंस रे बाळा?"

क्लोजर मेला. तेल परत भरून तो जगवण्याच्या फंदात पडू नका, मी पडलो होतो. दुकानातून पदरच्या पैशाने नवा आणला, त्याच भोकांवर बसवला. दार बोटभर उघडंच राहिलं.

तेव्हा कुठे मी दाराकडे बघितलं. तोवर फक्त क्लोजरकडे बघत होतो. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू ढिले, दार पुढच्या कोपऱ्यात खाली आलेलं आणि लॅचची (दार अडकवणाऱ्या खटक्याची) जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या खालच्या काठावर अडकत होती. पट्टीवर घासल्याची चकचकीत रेघसुद्धा होती. बिजागरीच्या भोकांत बांबूची काडी आणि फेविकॉल, त्यावर लांब स्क्रू. वीस मिनिटांचं काम. दार लागलं. जुना क्लोजर बिचारा निर्दोष होता.

हे इतकं सविस्तर सांगतोय कारण नव्या माणसाला क्लोजर बसवता येतो. बॉक्समध्ये कागद असतो, भोकं पाडायची, आवळायचं. फसतो तो दुरुस्तीत आणि फसतो ते एकाच समजुतीमुळे: स्क्रू सोडला की दाराला जोर येतो. येत नाही. आत एक जाड स्प्रिंग आहे. दार उघडताना दांडा फिरतो, आतलं दातेरी चाक दट्ट्याला ढकलतं आणि स्प्रिंग दाबली जाते. दार बंद करते ती हीच स्प्रिंग. तेलाचं काम तिला आवरायचं. दट्ट्या परत येताना तेलाला बारीक वाटेतून जावं लागतं आणि तुमचा स्क्रू ती वाट लहान-मोठी करतो, एवढंच. म्हणजे स्क्रू हा नळाचा कॉक आहे, टाकीत पाणी वाढवणारा पंप नव्हे. वाट पुरेशी मोकळी झाल्यावर पुढे कितीही सोडा, स्प्रिंगचा जोर तेवढाच राहणार. जोर वाढवायचा तर वेगळ्या जागा आहेत, त्यांच्याकडे येतो. पण बहुतेक वेळा जोर वाढवायची गरजच नसते, अडथळा काढायचा असतो.

म्हणून माझा नियम, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही: तक्रार काहीही असो, आधी दांडा सोडायचा. दोन दांडे जिथे जोडले जातात तिथला एक स्क्रू काढला की दार मोकळं होतं. आता ते हाताने हलवा. मध्येच कुठेही सोडून द्या, आहे तिथे थांबलं पाहिजे. आपोआप उघडत किंवा मिटत असेल तर चौकट ओळंब्यात (सरळ उभी) नाही किंवा बिजागरी वाकलेली आहे. मग वीतभर उघडं ठेवून एका बोटाने हळू ढकला. लॅच 'टक' करून लागला पाहिजे. खांदा लावावा लागत असेल तर तो खांदा क्लोजरला नाही. लॅचच्या जिभेला खडू फासा, दार लावा, उघडा, पट्टीवर खडू कुठे उमटला ते बघा. वरखाली असेल तर बिजागरी बघा किंवा पट्टी सरकवा. पावसाळ्यात लाकडी दार फुगून वरच्या कडेला घासत असेल तर रंधा मारा. खालची फरशी, पायपुसणं, दाराला लावलेला ब्रश, सगळं बघा. एसीच्या छोट्या केबिनमध्ये आणखी एक गंमत असते: आतली हवा कोंडते आणि दार शेवटच्या बोटभर जागेत अडतं. खिडकी किंचित उघडून बघा, दार लगेच लागलं तर चोर सापडला.

हे सगळं दहा मिनिटांत होतं. मी ते टाळलं म्हणून दिवस गेला आणि क्लोजरचे पैसेही गेले.

आता बसवण्याबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला येतंच. क्लोजरचा नंबर दाराच्या रुंदीवर आणि वजनावर घ्या. युरोपियन मापात 2 नंबर 850 मिलिमीटर रुंद आणि 40 किलोपर्यंत, 3 नंबर 950 आणि 60 किलो, 4 नंबर 1100 आणि 80 किलो. तीन बाय सात फुटांचं 35 मिलिमीटरचं फ्लश डोअर (सपाट प्लायचं दार) साधारण चाळीस किलोच्या आसपास जातं, वर लॅमिनेट आणि जड हँडल आलं की जास्त. काठावर असाल तर वरचा नंबर घ्या. पण दवाखाना, शाळा, म्हातारी माणसं असतील तिथे उगाच मोठा नंबर लावू नका, दार उघडताना त्यांचा जीव जातो. ॲडजस्टेबल स्प्रिंगचा मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या. त्याच्या टोकाला जोराचा नट असतो. मघाशी म्हटलेली 'वेगळी जागा' ती हीच.

दुसरी जागा म्हणजे दांडा. दार ओढायच्या बाजूला नेहमीच्या पद्धतीने बसवत असाल तर दार बंद असताना पुढचा, कमीजास्त करता येणारा दांडा दाराशी काटकोनात आला पाहिजे. नवखा माणूस तो तिरका ठेवतो, दार चालतंय म्हणून खूश होतो आणि शेवटच्या वीतभर अंतरात जोर गायब असतो. ढकलायच्या बाजूला समांतर दांड्याने बसवलंत तर दिसायला छान, पण स्प्रिंग तीच असून दाराला जोर कमी मिळतो. तिथे नंबर ठरवताना हे धरूनच चला.

कागदी टेम्प्लेट फेकू नका. हातातून निसटलं म्हणून 'अंदाजाने' भोकं पाडणारे मिस्त्री मी खूप पाहिलेत. एक भोक चुकलं की दुसरं त्याच्या शेजारी पडतं आणि मग फ्लश डोअरच्या आतल्या लाकडात धरायला काही उरत नाही. आणि काळे जिप्समचे स्क्रू क्लोजरला वापरू नका. कडक असतात पण ठिसूळ, दार रोज हिसका देतं, एक दिवस मान तुटते आणि एवढं जड धूड कुणाच्या तरी डोक्यावर येतं. पोकळ दाराला आरपार बोल्ट मारा. मागून टोपी दिसते म्हणून घरमालक कुरकुरतात. कुरकुरू द्या.

मग वेग. बहुतेकांवर दोन स्क्रू असतात: एक मोठ्या फेरीचा, दुसरा शेवटच्या दहा-पंधरा अंशांचा, म्हणजे लॅचचा. काहींवर 1 आणि 2, काहींवर एस आणि एल. कंपनीगणिक जागा बदलतात, म्हणून खुणा वाचा. उजवीकडे फिरवलं की सावकाश, डावीकडे फिरवलं की वेगात. आधी दोन्ही सावकाश करा, मग मोठी फेरी लावा, शेवटी लॅच. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त कधीच नाही. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर दार दोनदा पूर्ण उघडून सोडा. नव्वद अंशांपासून बंद व्हायला पाच-सहा सेकंद लागले की मी थांबतो. स्क्रूचं डोकं बॉडीच्या बाहेर डोकावायला लागलं की ताबडतोब थांबा. त्यापुढे काय आहे ते निगडीच्या लादीला विचारा.

तिसरा स्क्रू असेल तर तो उघडताना साधारण सत्तर अंशांनंतर दार मऊ करतो, भिंतीवर आदळू देत नाही. पण तो दाराचा स्टॉपर नव्हे. खाली स्टॉपर लावाच.

डिसेंबरच्या थंड सकाळी लावलेलं दार मे महिन्यात आपटायला लागलं म्हणून फोन आला तर घाबरू नका, तुमची चूक नाही. तेल उन्हाने पातळ होतं. मी आता थंडीत लावताना गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतो की उन्हाळ्यात एकदा येऊन जाईन. सांगितलं नाही तर तेच काम 'तक्रार' होतं.

माझे मिस्त्री, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, हाताने जादूगार होते. दार एकदा हलवून कुठे घासतंय ते सांगायचे. पण कसं कळलं ते कधी बोलले नाहीत. "बघून शीक." मी बघितलं ते एवढंच की मामा स्टुलावर चढतात, स्क्रू फिरवतात, दार लागतं. त्याआधी खाली उभं राहून ते दार हाताने हलवायचे, ते मला गप्पा मारताना चाळा केल्यासारखं वाटायचं. खरं काम तेच होतं. मामांवर माझा राग नाही, पण शिकवायचं तर तोंड उघडावं असं माझं मत आहे. आणि मोबाईलवरचे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ? त्यात नेहमी नवं दार, नवी चौकट आणि सरळ भिंत असते. तुम्हाला मिळणार आहे पंधरा वर्षांपूर्वीची सोसायटी.

सोसायटीवरून आठवलं. जिन्यातल्या फायर डोअरचा क्लोजर बदलताना सेक्रेटरी म्हणेल, "दार उघडं राहील असा दांडा टाका, लोकांना त्रास होतो." टाकू नका. आग लागली तर जिन्यात धूर जाऊ नये म्हणूनच ते दार आपोआप मिटायला हवं. काम गेलं तर जाऊ द्या. माझं एक गेलंय.

पहिल्या पाच-सहा दारांना वेळ लागेल. स्टुलावरून दहादा खाली उतराल आणि बघणारा विचारेल, "येतं ना तुम्हाला?" मलाही विचारलंय. उतरत राहा.

काचेच्या दाराचा फ्लोअर स्प्रिंग, म्हणजे फरशीत बसणारा क्लोजर, मात्र पहिल्या वर्षी एकट्याने घेऊ नका. 12 मिलिमीटरची काच एका चौरस मीटरला 30 किलो भरते, म्हणजे तीन बाय सात फुटांचं दार पन्नास किलोच्या वर. त्याची पेटी फरशीत बसते, एक-दोन मिलिमीटर चुकली तरी दार तिरकं आणि तिथे काडी-फेविकॉल चालत नाही. दोघं लागतात, आणि दुसरा फोनवर बोलणारा नको.