रिठ्याचं लिक्विड घरी कसं करायचं

रिठे किराणा दुकानात किंवा काष्ठौषधीवाल्याकडे मिळतात. आधी ते फोडून आतली काळी बी काढून टाका, कारण फेस येतो तो सालीतल्या सॅपोनिनमुळे, बियांचा काही उपयोग नाही. १५-२० रिठ्यांच्या साली १ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात मंद गॅसवर १५-२० मिनिटं उकळा, पातेलं मोठंच घ्या नाहीतर फेस उतू जाऊन सगळा ओटा चिकट होतो. गार झालं की हाताने छान कुस्करा आणि फडक्यातून गाळा, झालं. चोथा फेकू नका, तांब्या-पितळेची भांडी घासायला घ्या, सोबत चिंच किंवा लिंबू लागतंच कारण नुसत्या रिठ्याने काळे डाग जात नाहीत.

सिल्कच्या साड्या, स्वेटर, सोन्याचे दागिने यासाठी मला तरी याच्यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. अर्धी बादली पाण्यात अर्धा कप पुरतो. बोअरच्या जड पाण्यातही साबणासारखा पांढरा थर धरत नाही. फेस डिटर्जंटपेक्षा कमी येतो, म्हणून जास्त ओतत बसू नका. पांढऱ्या कपड्यांना मात्र नको, हळूहळू पिवळसर होतात.

यात प्रिझर्व्हेटिव्ह नसल्याने बाहेर २-३ दिवसांत आंबतं, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, त्यामुळे थोडं थोडंच करा. केस धुताना डोळे घट्ट मिटा, फार झोंबतं. आणि उरलेलं पाणी तळ्यात, ओढ्यात अजिबात ओतू नका, सॅपोनिन माशांना विषारी असतं.