अशांत देशात मिशनकार्यासाठी सहकुटुंब जाताना : गोव्यात करावयाची तयारी आणि तिथून बाहेर पडण्याची आखणी

गोव्यातून मिशनकार्यासाठी परदेशी जाण्याची परंपरा साडेतीनशे वर्षांच्या आसपास मागे जाते. बाणावलीत जन्मलेले संत जोसेफ वाझ १६८७ साली डचांच्या अमलाखालील सिलोनमध्ये भिकाऱ्याच्या वेशात उतरले, कँडीत पोर्तुगिजांचे हेर समजून त्यांना डांबून ठेवण्यात आले, आणि तरीही १७११ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते बेट सोडले नाही. हे उदाहरण मिशनकार्याला निघालेल्या प्रत्येकासमोर ठेवले जाते. मात्र जोसेफ वाझ यांच्यामागे पत्नी नव्हती आणि हात धरून चालणारे मूल नव्हते, हे सांगायचे राहून जाते. आज वास्को, मडगाव किंवा फोंड्याहून पूर्व आफ्रिकेतील मिशनच्या शाळेत वा दवाखान्यात जाणारे पास्टर, शिक्षक, परिचारिका आणि डॉक्टर पुष्कळदा मुलाबाळांसह जातात. म्हणून त्यांची तयारी निराळी असली पाहिजे.

निघण्याचा निर्णय निघण्यापूर्वीच घ्यावा

कागदपत्रे, लसी, पैसे या साऱ्यांआधी पती-पत्नीने गोव्यातल्या घरी बसून एक कागद लिहावा : कोणत्या खुणा दिसल्या म्हणजे आपण तो देश सोडणार. प्रत्यक्ष दंगल पेटल्यावर हा विचार नीट होत नाही, कारण तेव्हा मिशनच्या आवारात शेजारपाजारची माणसे आसऱ्याला आलेली असतात, त्यांना सोडून जाणे विश्वासघातासारखे वाटते आणि ‘आणखी दोन दिवस पाहू’ असे म्हणण्यात आठवडा निघून जातो. तोवर रस्ता बंद झालेला असतो.

खुणा डोळ्यांनी पडताळता येतील अशाच निवडाव्यात. ‘परिस्थिती चिघळली तर’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण परिस्थिती चिघळली की नाही यावर नवरा-बायकोचे कधीच एकमत होत नाही. त्याऐवजी असे लिहावे : शाळा पुन्हा उघडण्याची तारीख न देता बंद झाली, गावात पेट्रोल मिळेनासे झाले, रात्रीची संचारबंदी दिवसावर आली, सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर गणवेश नसलेले लोक गाड्या अडवू लागले, शेजारच्या मिशनने आपली मुले हलवली. यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी घडल्या की मुलांनी एका पालकासह निघायचे आणि तिसरी घडली की सर्वांनी, असा नियम मी सुचवेन. भारतीय दूतावासाने देश सोडण्याची सूचना दिली तर मात्र मोजदाद करत बसू नये. या कागदाची एक प्रत गोव्यात मागे राहणाऱ्या आईवडिलांकडे किंवा थोरल्या भावाकडे द्यावी आणि एक पाठवणाऱ्या संस्थेकडे. असे केल्याने ‘तुम्ही घाबरून पळालात’ असे म्हणायला कोणाला जागा राहत नाही आणि ‘इतके दिवस का थांबलात’ असा प्रश्नही उरत नाही.

एकाने मागे राहायचे ठरल्यास मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकाजवळ दुसऱ्या पालकाचे नोटरीकृत संमतीपत्र असू द्यावे, कारण मूल एकाच पालकाबरोबर असले की सीमेवरचे अधिकारी ते मागू शकतात. मागे राहणाऱ्यानेही धोका पुरता ओळखून राहावे. येमेनमधील एडन शहरातल्या वृद्धाश्रमावर ४ मार्च २०१६ रोजी हल्ला झाला, तेव्हा मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या चार सिस्टर मारल्या गेल्या आणि केरळचे फादर टॉम उझुन्नालिल यांचे अपहरण झाले. त्यांची सुटका १२ सप्टेंबर २०१७ रोजी ओमानच्या मध्यस्थीने झाली. सेवेचे काम करणाऱ्याला कोणी हात लावणार नाही, ही समजूत धोकादायक आहे. चर्चच्या भिंतीही संरक्षण देतातच असे नाही. केनियातील निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात १ जानेवारी २००८ रोजी एल्डोरेटजवळच्या कियांबा येथे जमावाने चर्चला आग लावली आणि आत आसरा घेतलेले लोक, त्यांत स्त्रिया व मुले, जळून मेले. आवारात किती दिवस थांबायचे हे ठरवताना ही घटना लक्षात असावी.

निवडणुकीचे पंचांग भिंतीवर लावावे

राजकीय अशांतता अचानक येते असे म्हणतात; पुष्कळदा ती तारीख सांगून येते. मोझांबिकचे उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण गोव्याचा त्या देशाशी पोर्तुगीज काळापासून संबंध आहे. तिथे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी मतदान झाले आणि २४ ऑक्टोबरला निकाल जाहीर झाल्यावर निदर्शने पेटली. इंटरनेटवर निर्बंध आले, आणि नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेकडे जाणारी रेसानो गार्सियाची सीमाचौकी काही काळ बंद पडली. २३ डिसेंबरला घटनात्मक परिषदेने निकाल कायम केल्यावर हिंसाचार पुन्हा उसळला, नाताळच्या दिवशी मापुतोतील तुरुंगातून दीड हजारांहून अधिक कैदी पळाले, आणि १५ जानेवारी २०२५ रोजी नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी झाला.

मतदान, निकाल, न्यायालयाचा निवाडा आणि शपथविधी हे चार दिवस प्रत्येक निवडणुकीत आधी कळण्यासारखे असतात. त्यांच्या आसपास लांबचा प्रवास, बाप्तिस्म्याचा समारंभ किंवा आरोग्य शिबिर ठेवू नये, घरात धान्य, पाणी व औषधे पुरेशी भरून ठेवावीत आणि गाडीची टाकी भरलेली असावी. गोव्याला सुट्टीवर यायचेच असेल, तर ते याच दिवसांत आलेले बरे. संस्थेला हे पळपुटेपणाचे वाटले तरी वाटू द्यावे.

कागदपत्रे

पहिली गोष्ट व्हिसाची. पर्यटक व्हिसावर जाऊन धर्मकार्य किंवा अध्यापन करण्याचा सल्ला काही जण आजही देतात. तो ऐकू नये. शांततेच्या काळात ज्याकडे कोणी पाहत नाही, तोच शिक्का अशांततेत संशयाचे कारण होतो आणि परकीय हस्तक्षेपाचा आरोप सर्वप्रथम अशाच माणसावर येतो. आपल्या कामाला लागू असलेल्या वर्गातच व्हिसा आणि निवासाचा परवाना घ्यावा, त्यासाठी चार महिने अधिक लागले तरी चालतील.

दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर उत्प्रवास परवानगी (नोकरीसाठी देशाबाहेर जाण्याची सरकारी परवानगी) आवश्यक असल्याची नोंद असते आणि सुदान, दक्षिण सुदान, येमेन, लिबिया, इराक यांसारख्या देशांत नोकरीसाठी जाताना अशी परवानगी घ्यावी लागते. कुटुंबाबरोबर जाणाऱ्या स्वयंपाकी वा चालकाच्या बाबतीत हे हमखास विसरले जाते. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात भारतीय दूतावासात सर्वांची नोंदणी करावी. पासपोर्ट हरवल्यास भारतात परतण्यापुरते एकवेळचे आपत्कालीन प्रमाणपत्र दूतावास देऊ शकतो, पण छायाप्रत जवळ असली तर काम लवकर होते. तिकडे मूल जन्मले तर त्याची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करणे अत्यावश्यक आहे. हे राहून गेल्यास मुलाच्या नागरिकत्वाचाच प्रश्न उभा राहतो.

गोव्यातील कुटुंबांचा एक खास गुंता आहे, आणि त्यावर उघडपणे बोलायला लोक बिचकतात. पती पोर्तुगीज पासपोर्टवर, पत्नी भारतीय पासपोर्टवर आणि मुलांचे अजून काहीच ठरलेले नाही, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. शांततेत त्याने बिघडत नाही. परंतु जुलै २०१६ मध्ये दक्षिण सुदानची राजधानी जुबा येथून भारतीयांना आणण्यासाठी हवाई दलाची दोन विमाने गेली, तेव्हा वैध भारतीय प्रवास कागदपत्रे असणाऱ्यांनाच प्रवेश मिळेल असे जाहीर करण्यात आले होते. म्हणून ज्याचा पासपोर्ट ज्या देशाचा, त्याने त्या देशाच्या दूतावासात नोंदणी करावी, आणि दोन पासपोर्टांचे कुटुंब दोन वेगळ्या विमानांनी, दोन वेगळ्या शहरांत उतरू शकते हे गृहीत धरून भेटण्याचे ठिकाण आधीच ठरवावे.

मालमत्तेच्या बाबतीत गोव्याचा नागरी कायदा लक्षात घ्यावा. बहुतेक विवाहांत मालमत्ता पती-पत्नीची समाईक असते आणि घर किंवा जमीन विकायची तर दोघांचीही सही लागते. दोघेही दूर देशी अडकले, तर आजारी आईवडिलांच्या उपचारासाठीसुद्धा व्यवहार होऊ शकत नाही. त्यामुळे दोघांच्या सहीचे मुखत्यारपत्र जाण्यापूर्वी गोव्यातच करून विश्वासू नातेवाइकाकडे द्यावे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र दूतावासातून साक्षांकित करावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. दूतावासच बंद असेल तर हा मार्गच खुंटतो. मृत्युपत्र आणि दोघांचेही बरेवाईट झाल्यास मुलांना कोण सांभाळणार याची लेखी नोंद यांविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. तेवढे करून मगच निघावे.

लस, पैसा आणि पाच किलोंची पिशवी

केनिया, युगांडा, दक्षिण सुदान, सुदान अशा देशांसाठी पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि आयुष्यभर चालते. ते केवळ जातानाच लागते असे नाही. २०२३ मध्ये सुदानमधून सोडवून आणलेल्या अनेक प्रवाशांना हे प्रमाणपत्र नसल्यामुळे भारतात उतरल्यावर विलगीकरणात राहावे लागले. युद्धातून सुटून आलेल्या लेकराला सहा दिवस आजीपासून दूर ठेवावे लागू नये, यासाठी ते पिवळे कार्ड पासपोर्टाच्या आतच ठेवावे.

भारतातून जाताना दर माणशी साधारणपणे ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, मोजक्या देशांसाठी ही मर्यादा अधिक आहे. गोंधळात बँका आणि मोबाइलवरचे पैसे दोन्ही बंद पडतात, तेव्हा लहान मूल्याच्या स्वच्छ, नव्या नोटाच चालतात. त्या एका जागी ठेवू नयेत.

जुबाच्या त्या विमानांत माणशी पाच किलोंचेच हातसामान नेण्याची मुभा होती. तेव्हा घरातल्या प्रत्येकाची पाच किलोंची पिशवी भरून, काट्यावर वजन करून, दाराजवळ ठेवावी : मूळ कागदपत्रे, आठवडाभराची औषधे, एक कपड्याचा जोड, भाजलेले शेंगदाणे किंवा तत्सम कोरडे खाणे, पाण्याची बाटली, विजेरी, आणि कागदावर लिहिलेले दूरध्वनी क्रमांक. मुलाचे एखादे खेळणे त्यात राहू द्यावे. ते वजन वाया जात नाही. कौटुंबिक बायबल, लग्नाचा अल्बम आणि सोने गोव्यातच ठेवून जावे.

घरच्यांशी आणि पाठिराख्यांशी बोलणे

गोव्यात एकच व्यक्ती संपर्कासाठी नेमावी, शक्यतो भावनेपेक्षा कामाला महत्त्व देणारी. बहुधा ती आई नसते. बाकी सर्व नातेवाइकांनी, चर्चमधील मंडळींनी आणि वार्ताहरांनी तिच्याकडूनच माहिती घ्यावी, कारण एका रात्रीत चाळीस जणांना ‘आम्ही ठीक आहोत’ असे सांगता सांगता फोनची बॅटरी संपते. ठरलेल्या वेळी निरोप आला नाही तर किती तास वाट पाहायची आणि नंतर कोणाला कळवायचे, हेही ठरवावे. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे तक्रार संकेतस्थळ आणि गोवा सरकारचे अनिवासी भारतीय व्यवहार आयुक्तालय या दोन जागा त्या व्यक्तीला आधीपासून माहीत असाव्यात. इंटरनेट बंद होणार हे गृहीत धरून साध्या दूरध्वनीवरून करावयाचे दोन शब्दांचे संकेतही ठरवता येतात.

पाठिराख्यांना दर महिन्याला जे पत्र जाते, त्यात तिथल्या राजकारणावर एक ओळही नसावी. सैनिकांची, मोर्चाची किंवा जळालेल्या गाड्यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत, फोनमध्येही ठेवू नयेत, कारण नाक्यावर सर्वात आधी फोनच तपासला जातो. बाप्तिस्मा घेतलेल्या स्थानिक माणसांची नावे व चेहरे तर कधीच देऊ नयेत. आपण विमानात बसू शकतो, त्यांना तिथेच राहायचे असते.

बाहेर पडण्याचा मार्ग

विमानतळावर सगळी भिस्त ठेवू नये. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानची राजधानी खार्तुममध्ये लढाई सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी विमानतळ रणभूमी बनला. भारतीयांना सोडवून आणण्याची ‘ऑपरेशन कावेरी’ ही मोहीम सुरू व्हायला ९ दिवस लागले, आणि बहुतेक भारतीयांना आठशे किलोमीटरांहून अधिक अंतर रस्त्याने कापून पोर्ट सुदान गाठावे लागले. तिथून नौदलाच्या जहाजांनी आणि विमानांनी ते जेद्दाला पोहोचले. म्हणजे पहिला आठवडा आपल्यालाच निभावून न्यायचा असतो. विमानतळाखेरीज रस्त्याने सीमेपर्यंतचा एक आणि बंदराकडचा एक, असे दोन मार्ग निवडून शांततेच्या काळात ते गाडीने एकदा तरी पार करून पाहावेत; पूल, पेट्रोल पंप आणि रात्री थांबता येईल अशी मिशनची घरे छापील नकाशावर नोंदवावीत. शेजारच्या देशात प्रवेशाचे नियम काय आहेत, हेही आधी पाहून ठेवावे.

निघण्यापूर्वी स्थानिक कर्मचाऱ्यांना तीन महिन्यांचा पगार हातात द्यावा आणि दवाखान्याच्या किल्ल्या कोणाकडे, हे लेखी द्यावे. त्यांच्या नावांची रजिस्टरे मागे सोडू नयेत.

दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरल्यावर आपण सुटलो असे वाटते, परंतु परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या) कार्डावर परतलेल्यांसाठी एक नियम उरतो. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार अशा व्यक्तीला भारतात मिशनरी कार्य करण्यासाठी विशेष परवानगी लागते. तेव्हा परतल्यावर गावोगावच्या चर्चांतून अनुभवकथनाची आमंत्रणे येऊ लागली, तर ती स्वीकारण्यापूर्वी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात चौकशी करावी आणि परवानगी हाती येईपर्यंत त्या सभांत भारतीय पासपोर्ट असलेल्या जोडीदारालाच बोलू द्यावे.