अमेरिकेतील हायस्कूल फुटबॉलचे पंच कसे व्हावे

अमेरिकेतील हायस्कूल फुटबॉलचे (म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचे) पंच होण्यासाठी हा खेळ स्वतः खेळलेला असण्याची अट नसते. धावण्याइतकी प्रकृती, नियम वाचण्याची चिकाटी आणि शुक्रवारची संध्याकाळ मोकळी ठेवण्याची तयारी एवढे भांडवल सुरुवातीला पुरते. नोंदणी ज्या त्या राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेकडे करावी लागते. शुल्क, पार्श्वभूमी तपासणी, डोक्याला होणाऱ्या इजांविषयीचा अभ्यासक्रम आणि नियमांची परीक्षा यांचे तपशील राज्यागणिक बदलतात. हंगाम ऑगस्टच्या सुमारास सुरू होत असल्याने उन्हाळा लागण्यापूर्वीच अर्ज केलेला बरा. त्याच वेळी आपल्या भागातील पंचांच्या स्थानिक संघटनेतही नाव नोंदवावे, कारण प्रशिक्षणाच्या बैठका बहुधा तिथेच होतात आणि सामने वाटून देणाऱ्या व्यक्तीशी ओळखही तिथेच होते.

जवळजवळ सर्व राज्यांत ‘नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स’ या संस्थेची नियमपुस्तिका वापरतात. टेक्सासमधले सामने मात्र महाविद्यालयीन नियमांच्या आधारे खेळवले जातात. टीव्हीवर व्यावसायिक सामने पाहून आलेल्या माणसाला या पुस्तिकेत बरेच काही वेगळे आढळेल, म्हणून ऐकीव माहिती बाजूला ठेवून तिचे वाचन दुसऱ्या प्रकरणापासून, म्हणजे व्याख्यांपासून, सुरू करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. उदाहरणार्थ, स्नॅपच्या वेळी, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळी सुरू होते त्या क्षणी, चेंडूच्या दोन्ही बाजूंना चार-चार यार्ड आणि दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात त्या स्क्रिमेजच्या रेषांमागे तीन-तीन यार्ड अशा चौकोनाला ‘फ्री ब्लॉकिंग झोन’ म्हणतात. कमरेखालचा ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे) केवळ याच चौकोनात, तोही ठरावीक अटींवर चालतो. हा चौकोन डोळ्यांसमोर उभा राहिला नाही, तर त्यावर आधारलेले पुढचे नियम कितीही पाठ केले तरी मैदानावर आठवत नाहीत.

पोशाखात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, बाजूने पांढरी पट्टी असलेली काळी पँट, काळे बूट आणि टोपी असते. पांढरी टोपी फक्त मुख्य पंचाची, म्हणजे रेफरीची, बाकीच्यांची काळी. याशिवाय शिट्टी, नियमभंग दिसताच टाकायचा पिवळा फ्लॅग, चेंडू हातून सुटला ती जागा दाखवण्यासाठी टाकायची बीनबॅग, नोंदींचे कार्ड, पेन्सिल आणि डाऊन इंडिकेटर लागतो. डाऊन म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी संघाला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक. हा इंडिकेटर म्हणजे मनगटात अडकवायचा एक साधा इलॅस्टिकचा पट्टा असून त्याचा फास पहिल्या डाऊनला तर्जनीत, दुसऱ्याला मधल्या बोटात असा सरकवत न्यायचा असतो. चौथा डाऊन की तिसरा, यावर मैदानात गोंधळ उडाला की त्या बोटावरच्या फासाइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नसतो.

नवख्या पंचाला आधी फ्रेशमन (हायस्कूलच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी) आणि ज्युनियर व्हार्सिटीचे (शाळेच्या दुय्यम संघाचे) सामने मिळतात, आणि तिथे पंचांचा चमू अनेकदा लहान असतो. व्हार्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाच्या, सामन्यात बहुतेक ठिकाणी पाच पंच असतात: रेफरी, अंपायर, हेड लाइन्समन, लाइन जज आणि बॅक जज. नव्या माणसाला बहुधा साइडलाइनवर, स्क्रिमेजच्या रेषेच्या टोकाला उभे करतात. तिथे स्नॅपपूर्वीच डाऊन, बाकी अंतर आणि आपल्या बाजूचा टोकाचा खेळाडू रेषेवर आहे की मागे, हे मनात पक्के झालेले असले पाहिजे. स्नॅप झाल्यावर नजर चेंडूमागे पळू लागते, आणि नव्या पंचासाठी सर्वांत अवघड काम ती आवरणे हेच असते. प्रत्येकाला नेमून दिलेले खेळाडू व क्षेत्र असते, आणि पाचही जण चेंडूच पाहू लागले तर पाठीमागून झालेला धोकादायक ब्लॉक कोणालाच दिसत नाही, त्यात एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा जबर जखमी होऊ शकतो.

शिट्टीची घाई करू नये. चेंडू प्रत्यक्ष दिसल्याशिवाय, तोही खेळाडूच्या हातात असताना, ती वाजवायची नाही. नियमांनुसार चेंडू बहुतेक वेळा शिट्टीआधीच ‘डेड’ झालेला, म्हणजे ती खेळी संपलेली, असते, पण चुकून वाजलेली शिट्टी मात्र चालू खेळ तिथेच थांबवते. फ्लॅगच्या बाबतीतही थोडा धीर लागतो. हाताने पकडल्यासारखे दिसले, तरी त्याने प्रतिस्पर्ध्याला खरोखर अडवले का आणि खेळ त्याच बाजूने चालला होता का, हे पाहूनच होल्डिंगचा दहा यार्डांचा दंड द्यावा. सुरक्षिततेला धोका असेल तेथे मात्र अजिबात थांबू नये. फ्लॅग टाकताच खेळाडूचा क्रमांक लक्षात ठेवून तो रेफरीला सांगावा.

साइडलाइनवर प्रशिक्षक कानाशी ओरडत असतात. प्रश्न विचारला असेल तर एका वाक्यात, नियमाच्या शब्दांत उत्तर द्यावे. नुसता शेरा असेल तर उत्तराची गरज नसते. शिवीगाळ झाली की मात्र दंड करावा, कारण ती ऐकून घेतली तर त्याच मैदानावर पुढच्या आठवड्यात येणाऱ्या पंचाला तीच ऐकावी लागते.

मानधन प्रत्येक सामन्यामागे मिळते. पंच सहसा स्वतंत्र कंत्राटदार मानले जात असल्याने या उत्पन्नाचा आणि प्रवासखर्चाचा हिशेब स्वतःच ठेवावा लागतो. सामन्यानंतर अनुभवी सहकाऱ्याला आपली जागा कुठे चुकली हे नेमके विचारावे, आणि चित्रफीत मिळाली तर चेंडूऐवजी त्यात स्वतःलाच पाहावे. नियमांत दरवर्षी बदल होतात, त्यामुळे पुढच्या हंगामाची नवी पुस्तिका हाती पडताच आधी त्यातले बदललेले नियम वाचून काढावेत.