गल्लीत पाणी का तुंबतं? विज्ञान ऑनलाइन मांडायला शिकताना

विज्ञानावर व्हिडिओ करायचा ठरवलं की कॉलेजातली बरीच मुलं थेट कृष्णविवरात उडी घेतात. तिथे आधीच गर्दी आहे. मुंबईत राहताय, तर पावसाळा घ्या.

१. प्रश्न गल्लीएवढा करा. ‘मुंबई का तुंबते?’ हा प्रश्न फार मोठा झाला. ‘आमच्या नाक्यावर भरतीच्या वेळीच पाणी का चढतं?’ याचं उत्तर तीन मिनिटांत देता येतं. शिवाय बघणारा कालच त्या पाण्यातून घरी आलेला असतो, त्यामुळे तो थांबून ऐकतो.

२. आकड्याचा पत्ता शोधा. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ‘२६ जुलै २००५ला मुंबईत ९४४ मिमी पाऊस पडला’ हे सगळ्यांना पाठ आहे. पण तो आकडा सांताक्रूझचा. त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी नोंदला गेला होता. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत ठिकाण आणि कालावधी सांगाच. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा मोजतात, आणि त्या मोजणीत ६४.५ मिमीपासून पुढे ‘जोरदार’ पाऊस धरतात. बातमीतला ‘धो धो’ आणि खात्याचा ‘जोरदार’ यांची गल्लत करू नका. ग्रुपवर आलेला तुंबलेल्या स्टेशनचा फोटो वापरण्याआधी गूगल लेन्समध्ये टाकून बघा. दरवर्षी जुनेच फोटो नव्याने फिरतात.

३. आकडा डोळ्यांसमोर उभा करा. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. म्हणजे ९४४ मिमी पावसाचं पाणी कुठेच वाहून गेलं नसतं, तर एवढ्याशा जागेवर जवळपास हजार लिटरची टाकी भरली असती. मग कारणाकडे वळा. शहरातली जुनी पावसाळी गटारं तासाला सुमारे २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधली होती. नंतरच्या योजनेत ते ५० मिमीवर नेण्याचं ठरलं. त्यात मोठी भरती आली की समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडापेक्षा वर जाते आणि पाण्याला उतारच उरत नाही. म्हणून हाजी अली, ईर्ला अशा ठिकाणी पंपांनी पाणी उपसून समुद्रात सोडावं लागतं. एवढं कागदावर एका रेघेच्या चित्रात दाखवा, ॲनिमेशनची गरज नाही.

४. आधी कुणाला तरी दाखवा. विषय येणाऱ्या एखाद्या सरांना आणि विषय अजिबात न येणाऱ्या शेजाऱ्याला, दोघांनाही. मराठी शब्द अडले, तर चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेचं साहित्य चाळा. १९६६पासून ती मंडळी हेच काम करताहेत.

५. मागणी वेगळी मांडा. ‘पालिका झोपलीय’ ही चिडचिड झाली, मागणी नव्हे. काय मोजलेलं आहे ते आधी सांगा, मग ‘आता माझं मत’ असं म्हणून पुढे जा. मागणीत कुणी, काय आणि कधीपर्यंत करायचं हे तिन्ही हवं: वॉर्ड ऑफिसने अमुक नाल्यातला गाळ पावसाआधी काढावा आणि किती काढला ते जाहीर करावं. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवस. उत्तर आलं की पुढचा व्हिडिओ तयार, आणि नाही आलं तरी तयारच!

६. चूक दाखवली तर दुरुस्ती पहिल्या कॉमेंटमध्ये पिन करा. व्हिडिओ गुपचूप उडवू नका. शिव्यांना उत्तर देत बसू नका.

आणि शूटिंग कोरड्या जागेवरून, जिन्यातून किंवा गॅलरीतून करा. तुंबलेल्या पाण्याखालचं उघडं मॅनहोल दिसत नाही. पाण्यात उतरावं लागलंच, विशेषतः पायाला जखम असताना, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा आजार) टाळण्यासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा.