युंगफ्राउयोखला जाताना आयगरची उत्तर भिंत कशी पाहावी

स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन ओस्टहून 3,454 मीटरवरचे युंगफ्राउयोख हे खिंडीतले रेल्वे स्थानक गाठायला दोन वाटा आहेत. ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून सुटणारी आयगर एक्सप्रेस ही केबल कार पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्थानकावर सोडते. वेळ वाचतो खरा, तरीही निदान जाताना क्लाइने शायडेग या खिंडीमार्गे दातेरी रुळांच्या गाडीनेच जावे, कारण आयगर या डोंगराची सुमारे 1,800 मीटर उंचीची ती काळी उत्तर भिंत तिथून समोर उभी दिसते. तिकीट काढण्यापूर्वी शिखराचा वेबकॅम मात्र अवश्य पाहावा. वर ढग असतील तर पैसे पाण्यात.

आयगरग्लेचरनंतर गाडी बोगद्यात शिरते. 1912 साली पूर्ण झालेला हा मार्ग आयगरच्या पोटातून जातो आणि भिंतीत उघडणारे बोगद्याचे एक दारही त्यावर आहे. जुलै 1936 मध्ये ही भिंत चढताना चौघा गिर्यारोहकांनी एक अवघड आडवा टप्पा ओलांडला आणि मागे दोर ठेवला नाही. हवा बिघडल्यावर त्यांना त्याच वाटेने परतता आले नाही. एकट्या उरलेल्या टोनी कुर्त्सच्या सुटकेसाठी वाटाडे याच दारातून बाहेर आले, परंतु दोन दोर जोडलेली गाठ त्याच्या कॅराबिनरमध्ये (दोर अडकवायच्या धातूच्या कडीत) अडकली आणि त्यांच्यापासून काही मीटरवर लोंबकळत त्याने प्राण सोडला. भिंत सर झाली ती 1938 मध्ये. ऊन लागून बर्फ सुटले की दगड कोसळतात आणि वादळ अचानक येते, हे धोके आजही तेच आहेत. शिखरावर जाणारी पश्चिमेकडची त्यामानाने सोपी वाटसुद्धा पायवाट समजू नये.

प्रवाशाचा धोका वेगळा असतो. इंटरलाकेनच्या 567 मीटरवरून दोन-अडीच तासांत इतके वर गेल्यावर शरीराला सवय व्हायला अवधीच मिळत नाही. बोगद्यातल्या आइसमेर स्थानकावर गाडी थोडा वेळ थांबते, तेव्हा खिडकीकडे धावू नये. हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, आणि डोके दुखून मळमळू लागले तर पुढच्याच गाडीने खाली उतरावे. वरच्या हिमनदीवर आखलेली वाट सोडू नये, कारण कोवळ्या बर्फाखाली भेगा झाकलेल्या असतात. छायाचित्रासाठी चार पावले बाजूला जाण्याचा मोह इथे महागात पडतो.

उन्हाळ्यात परतताना आयगरग्लेचर ते आल्पिग्लेन ही सुमारे दोन तासांची वाट भिंतीच्या पायथ्याने चालता येते. तेथे अगदी भिंतीला टेकून डबा उघडून बसू नये.